सातवा नियम

फळ्यावर ‘घटनादुरुस्ती’ लिहिलं,
तर मागून आवाज आला, "नादुरुस्त झालीय काय, सर?"
वर्ग हसला. मीही.
मिरजेची पोरं, म्हणून म्हटलं सतारीवरून सांगावं :
पडदे बघा, धाग्यानं बांधलेले असतात,
खिळ्यानं ठोकलेले नसतात,
सूर हलला की सरकवता येतात.

तस्कीन शिकलगार उठली.
तिच्या घरात तीन पिढ्यांच्या सतारी.
"अब्बा एकटेच सरकवतात, सर.
कुणाला विचारत नाहीत."

माझी उपमा तिथंच मोडली.

मग भिंतीवरचा तक्ता उतरवला,
जूनमध्ये सगळ्यांनी मिळून लिहिलेला.
नियम सातवा : उशिरा येईल तो दिवसभर दाराशी बसेल.
सलगऱ्याचा बिरुदेव रोज दाराशी बसतो.
उशीर एसटी करते,
वारा त्याला लागतो.

प्रणोती चौगुलेनं वहीच्या पानावर मसुदा आणला :
‘उशिरा’च्या आधी ‘विनाकारण’ घालावं.
"एवढंच?"
"एवढंच. त्यासाठी तक्ता कशाला फाडायचा?"

हात वर झाले. हजर पंचवीस.
बाजूनं सतरा, विरोधात आठ.
(राजवर्धन म्हणाला, आम्ही बसलो दाराशी
तेव्हा कुणाला काही सुचलं नाही.)
पंचविसाचे दोन तृतीयांश,
सतरा बसतात.
बाकं वाजली.

थांबा, म्हटलं. पट किती?
चौतीस.
चौतिसाचे निम्मे सतरा,
आणि निम्म्याहून जास्त लागतात.
एक हात कमी.

"जे आलेच नाहीत, ते पण मोजायचे?"
मोजायचे.
तापानं झोपलेला, उरुसात पाळण्यात बसलेला,
दवाखान्यात आजीपाशी थांबलेली.
ते आज नाहीत,
पण उद्या ह्याच नियमाखाली बसणार आहेत.

तेवढ्यात बिरुदेव आला.
धापा टाकत, दप्तर छातीशी,
आणि न सांगता दाराशी बसला.
अठरावा हात.
"सर, आता घ्या की पुन्हा!" सगळे ओरडले.
मला घेता आलं नाही.
निकाल फळ्यावर लिहून झाला होता.
बिरुदेव विचारत होता, कसलं मत?

सोमवारी मसुदा पुन्हा मांडला.
एकोणतीस हजर, एकवीस हात.
मी सांगितलं, दिल्लीत हे दोन सभागृहांत होतं,
वेगवेगळं, दोन्हीकडं जमलं पाहिजे,
आणि काही कलमांना निम्म्या राज्यांचाही होकार लागतो.
पोरं म्हणाली, मग आपण पण विचारू,
दार तर व्हरांड्यात उघडतं, शेजारच्यांनाही वारा लागतो.
चार वर्गांत फिरून आली.
दोघांनी हो म्हटलं, एकानं नाही,
नववीवाल्यांनी हाकलून दिलं.
चारात दोन. निम्मे झाले.

मगदूम बाईंनी चष्मा वर केला.
"मला सही करावीच लागते?"
हो बाई, राष्ट्रपतींनाही.
हिरव्या शाईनं केली.
जुनी ओळ आम्ही खोडली नाही,
बाण काढून वर बारीक अक्षरात ‘विनाकारण’ लिहिलं.
तिथं आता सगळ्यांचंच बोट जातं.

राजवर्धनचं डोकं मग भलतीकडंच पळालं.
"म्हणजे एकवीस हात असले,
तर ‘ह्यापुढं हात वर करायचाच नाही’ असा पण नियम होईल?"

मी खडू शोधत होतो.
तस्कीन बसल्या जागेवरून म्हणाली,
"पडदे सरकव की. भोपळा फोडलास
तर सतार कशाला म्हणायचं त्याला?"
सर्वोच्च न्यायालयाला हेच सांगायला
शेकडो पानं लागली होती.
ते मी सांगितलं नाही. घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी एसटी पुन्हा चुकली.
बिरुदेव आला, तक्ता न बघताच
सवयीनं दाराशी टेकला.
कुणीच काही बोललं नाही.
राजवर्धननं शेजारचं दप्तर उचललं
आणि आपल्या मांडीवर घेतलं.